परक्या मुनीमाच्या हाती तिजोरी : युद्धकाळातील इराणचा अनुभव

पेढीचा हिशेब बिघडला, भागीदारांचा एकमेकांवर भरवसा उरला नाही, की शहाणा व्यापारी बाहेरगावचा मुनीम आणतो. त्याचा ना कोणी भाऊ पेढीवर, ना मेहुणा गोदामात. तेव्हा तो खरा आकडा सांगेल, अशी त्यामागे अपेक्षा असते. राज्यकर्तेही हेच करतात, आणि बहुधा युद्धाच्या काळात करतात, कारण तिजोरीचा तळ तेव्हाच दिसू लागतो. २ डिसेंबर २०१४ रोजी युक्रेनच्या मंत्रिमंडळात तीन परदेशी घेतले गेले. अर्थखाते अमेरिकेत जन्मलेल्या नताली यारेस्को यांच्याकडे, व्यापार व अर्थविकास खाते लिथुआनियाचे आयवारास अब्रोमाविचुस यांच्याकडे आणि आरोग्य खाते जॉर्जियाचे अलेक्झांडर क्वितशविली यांच्याकडे गेले. देशाच्या पूर्व भागात लढाई चालू होती. कायद्याप्रमाणे मंत्री देशाचा नागरिक असावा लागतो, म्हणून राष्ट्राध्यक्षांनी त्याच दिवशी तिघांना नागरिकत्व बहाल केले.

बातमी वाचून अनेकांना नवल वाटले होते. आम्हाला मात्र इराण आठवला. मुसलमानांच्या एका देशाने हा प्रयोग तीनदा केला, त्यांपैकी दोनदा ऐन युद्धात, आणि प्रत्येक वेळी त्याची झळ बाजारपेठेला, म्हणजे आपल्यासारख्या व्यापारी व कारागीर लोकांना लागली. तो हिशेब आज आम्ही वाचकांपुढे मांडत आहोत.

तसे पाहिले तर लढाईसाठी परका कारागीर आणणे हे जुनेच आहे. विजापूरच्या किल्ल्यावरची मुलुख-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली, ती निजामशाहीच्या नोकरीतील एका रूमी, म्हणजे तुर्की, ओतकाराच्या हातून. त्याच्या शंभर वर्षे आधी उर्बान नावाचा हंगेरीचा ओतकार प्रथम कॉन्स्टंटिनोपलच्या बादशहाकडे गेला होता. तेथे पगार पुरेसा मिळेना, म्हणून तो सुलतान महंमद फातिहकडे आला, आणि १४५३ मध्ये त्याच शहराच्या तटावर त्याची तोफ धडाडली. कारागिराची मजुरी बुडवणाऱ्यांनी हा किस्सा ध्यानात ठेवावा. पण तोफ ओतणारा आपले काम करून बाजूला होतो. तिजोरी सांभाळणाऱ्याचे तसे नसते. त्याचा हात रोज प्रत्येकाच्या खिशाजवळ असतो.

इराणात १९०६ मध्ये राज्यघटना आली, मजलिस स्थापन झाली. परंतु मजलिसच्या हाती पैसा नव्हता. उत्तरेत रशिया व दक्षिणेत ब्रिटन यांनी १९०७ च्या करारान्वये आपापली प्रभावक्षेत्रे आखून घेतली होती. या दोघांचाही संबंध नसलेला माणूस हवा म्हणून मजलिसने अमेरिकेकडे मागणी केली आणि मॉर्गन शुस्टर नावाचा तरुण अधिकारी मे १९११ मध्ये तेहरानला पोहोचला. क्यूबा व फिलिपिन्समध्ये त्याने जकातीचे काम केले होते. १३ जून १९११ च्या कायद्याने त्याला खजिनदार-प्रमुख नेमून सर्व जमाखर्चाचे अधिकार देण्यात आले. त्याच्या सहीशिवाय खजिन्यातून पैसा निघणार नाही, असा त्याचा साधा अर्थ.

शुस्टरला तेथे जे आढळले ते आमच्या व्यापारी बांधवांना चटकन उमजेल. वसुलीचा हिशेब मुस्तौफी, म्हणजे पिढीजात हिशेबनीस, ठेवत असत. कोणत्या गावाकडून किती यायचे, हे त्यांच्या छोट्या वह्यांत सियाक लिपीत लिहिलेले असे. मोगल काळात आपल्याकडच्या दफ्तरांतही हीच लिपी चाले. त्या वह्या सरकारच्या नव्हेत, तर मुस्तौफीच्या खाजगी मालकीच्या समजल्या जात. मुनीम वही घरी घेऊन जातो आणि मालकाला येणे किती ते ठाऊकच नाही, असा हा कारभार! ज्याच्याजवळ वही त्याच्याजवळ राज्य. शुस्टरने वसुलीसाठी खजिन्याची स्वतंत्र सशस्त्र शिपाई-तुकडी उभी करायला घेतली, आणि बड्या सरदारांकडेही थकबाकी मागितली.

याच सुमारास, जुलै १९११ मध्ये, पदच्युत शहा मुहम्मद अली रशियाच्या बाजूने फौज घेऊन परत उतरला. मजलिसने त्याच्या डोक्यावर एक लाख तोमानांचे इनाम लावले. फौजेला पगार, दारूगोळा, दाणापाणी यांची तरतूद शुस्टरच्या खजिन्यातून झाली आणि सप्टेंबरमध्ये शहाच्या सैन्याचा तेहरानजवळ पराभव झाला. परका मुनीम येऊन जेमतेम चार महिने झाले होते, आणि वेळेवर पगार मिळाल्याने लढणारा सैनिक टिकला होता. हे यश लहान नव्हे.

परंतु शुस्टरने दोन गोष्टी केल्या. शहाच्या भावाची मालमत्ता जप्त करायला शिपाई पाठविले, तेव्हा रशियाच्या वकिलातीने अडवणूक केली. आणि रशियाच्या प्रभावक्षेत्रात, तब्रीझला, वसुलीवर लेकोफ्र हा ब्रिटिश माणूस नेमला. हिशेबाच्या दृष्टीने दोन्ही रास्त, राजकारणाच्या दृष्टीने दोन्ही ठिणग्या. २९ नोव्हेंबर १९११ रोजी रशियाने ४८ तासांची निर्वाणीची मुदत दिली. मागण्या अशा होत्या: शुस्टर व लेकोफ्र यांना काढा, यापुढे रशिया व ब्रिटन यांच्या संमतीशिवाय परदेशी माणूस नेमू नका, आणि रशियन फौजेचा खर्चही तुम्हीच भरा. मजलिसने नकार दिला. बाजार बंद झाले, रशियन व ब्रिटिश मालावर बहिष्कार पुकारला गेला, स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. २४ डिसेंबरला मजलिसच बंद पाडण्यात आली आणि जानेवारी १९१२ मध्ये शुस्टर परत गेला. या वेळी बाजार परक्या मुनीमाच्या बाजूने उभा होता, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढच्या वेळी तसे झाले नाही.

दुसरा मुनीम आर्थर मिल्सपॉ. तो १९२२ मध्ये पाच वर्षांच्या करारावर आला तेव्हा युद्ध नव्हते, म्हणून आम्ही त्या पर्वावर फार रेंगाळत नाही. मात्र त्या काळातील एक कायदा सांगितलाच पाहिजे. देशाच्या आरपार रेल्वे बांधायची, पण परदेशी कर्ज काढायचे नाही, असे ठरले आणि १९२५ मध्ये चहा व साखरेवर मक्तेदारी व कर बसविला गेला. इराणी माणूस दिवसातून कित्येक वेळा साखरेचा खडा तोंडात धरून चहा पितो. झोपडीतल्या मजुरापासून हवेलीतल्या खानापर्यंत प्रत्येकाच्या पेल्यातून रेल्वेचा पैसा गोळा झाला. त्या चहात हिंदुस्थानातून जाणारा चहाही होता. १९३८ मध्ये कॅस्पियन समुद्रापासून इराणच्या आखातापर्यंतची ही रेल्वे पुरी झाली. तोवर मिल्सपॉ परत जाऊन दशक लोटले होते. रझाशहाचे व त्याचे अधिकारांवरून जमले नव्हते.

आता मुख्य प्रकरण. २५ ऑगस्ट १९४१ रोजी उत्तरेकडून रशियाच्या व दक्षिणेकडून ब्रिटनच्या फौजा इराणात घुसल्या. पुढच्याच महिन्यात रझाशहाला गादी सोडावी लागली. रशियाला लढाईचे सामान पोचविण्यासाठी दोस्तांना इराणची वाट हवी होती, आणि गोरगरिबांच्या चहा-साखरेतून बांधलेली ती रेल्वे आयतीच त्यांच्या कामी आली. मागाहून हजारो अमेरिकन सैनिकही ती चालवायला आले. मालवाहू मोटारी लष्करी कामाला जुंपल्या गेल्या. साहजिकच धान्य पिकत होते तेथून शहरापर्यंत येईना. अझरबैजान हा गव्हाचा प्रांत रशियन ताब्यात. त्याचा गहू तेहरानला मिळेनासा झाला.

दुसरा तडाखा चलनाचा. पूर्वी सुमारे ६८ रियालला मिळणारा ब्रिटिश पौंड १९४२ च्या करारात सुमारे १३० रियालला बांधला गेला. याचा अर्थ व्यापाऱ्याला समजावून सांगायला नको. फौजेला इराणी मजूर, इराणी धान्य आणि इराणी घोंगडी जवळजवळ निम्म्या किमतीत पडू लागली, आणि इराणी व्यापाऱ्याला बाहेरचा माल दुपटीने. त्यातच फौजेचा खर्च भागविण्यासाठी नव्या नोटा छापाव्या लागल्या. नोटा वाढल्या, माल घटला. ज्याच्या कोठारात साखर, कापड, औषधे होती तो रातोरात गबर झाला. ज्याला महिन्याचा पगार होता तो भिकेला लागला. साठेबाजीला इस्लामने इहतिकार म्हटले आहे आणि ती निषिद्ध ठरविली आहे, हे तेहरानच्या बाजाराला ठाऊक नव्हते असे नाही. पण उद्याचा दर आजच्यापेक्षा चढाच असणार अशी खात्री झाली, की भलेभले कोठाराला कुलूप लावतात, असा सर्व मुलखांचा अनुभव आहे.

८ डिसेंबर १९४२ रोजी तेहरानमध्ये भाकरीसाठी दंगा उसळला. लोक मजलिसमध्ये शिरले, पंतप्रधान कवाम यांचे घर जाळले गेले, गोळीबारात माणसे मेली. याच दिवसांत मजलिसने मिल्सपॉला पुन्हा बोलावण्याचा कायदा केला होता. जानेवारी १९४३ मध्ये तो वित्त-प्रशासक म्हणून तेहरानला उतरला. तो एकटा नव्हता. अन्नधान्य खात्याला, पोलिसांना, फौजेच्या पुरवठ्याला आणि ग्रामीण सशस्त्र पोलिसांना, ज्यांना तेथे जांदार्म म्हणतात, अमेरिकन माणसे नेमली गेली. यांतले कित्येक सरकारी जागेवर बसून हुकूम काढणारे अधिकारी होते. पगार इराणच्या तिजोरीतून, पासपोर्ट मात्र अमेरिकेचा.

४ मे १९४३ रोजी मजलिसने मिल्सपॉला ‘पूर्ण अधिकारां’चा कायदा करून दिला. धान्याची खरेदी व वाटप, मालाचे दर, आयात मालाचा साठा, वाहतूक हे सारे एका माणसाच्या सहीखाली आले. शुस्टरकडे फक्त तिजोरी होती; मिल्सपॉकडे तिजोरीबरोबर दुकान, गोदाम आणि मोटारही आली. आमच्या मते येथेच पहिली चूक झाली. एका मुनीमाने वही लिहावी, दर ठरवावा, बैलगाडी हाकावी आणि गिऱ्हाइकाला मापही द्यावे, असे कोणत्या पेढीवर चालते? त्याच्या हाताखालच्या बहुतेकांना फारसी येत नव्हती. दुभाष्यामार्फत कारभार चालला की खरा मालक दुभाषाच होतो.

दरनियंत्रणाचे यंत्र कसे चालते ते पाहा. सरकारने दर बांधला, तर त्या दराने विकता येईल इतका माल सरकारच्या हाती हवा. नसेल तर बांधील दराच्या दुकानात फळी रिकामी आणि मागच्या दाराने दुप्पट भाव. हिंदुस्थानातही त्या वर्षी हेच घडत होते. मुंबईत मे १९४३ मध्ये शिधावाटप सुरू झाले व शहरापुरते ते निभावले, कारण धान्याचा साठा सरकारने हाती घेतला होता. बंगालमध्ये ते वेळेत झाले नाही आणि लाखो माणसे भुकेने मेली. इराणात दर मिल्सपॉ ठरवीत होता, पण माल त्याच्या हाती नव्हता. कोणत्या जहाजाला इराणसाठी जागा द्यायची, किती साखर, किती कापड आणायचे, याचा निकाल दोस्तांच्या कैरो येथील पुरवठा केंद्रात लागे. देशातली वाहतूक फौजेच्या तंत्राने चाले. उत्तरेतला गहू रशियाच्या मर्जीवर. भाकरी मिळाली नाही की शिव्या मात्र अमेरिकन मुनीमाला.

महागाई उतरविण्यासाठी आणखी एक उपाय झाला. दोस्तांनी सोने आणून बाजारात विकले, म्हणजे लोकांच्या हातातल्या नोटा परत गोळा होतील. हाच उपाय १९४३ पासून मुंबईतही रिझर्व्ह बँकेमार्फत झाला. झवेरी बाजारातील जुन्या पेढ्यांवर त्या सोन्याच्या गोष्टी निघत असत. सोने घेणारा कोण, तर ज्याच्याजवळ नोटांची थप्पी होती तोच. गरिबाच्या भाकरीचा दर त्याने लगेच उतरला नाही.

नोव्हेंबर १९४३ मध्ये मिल्सपॉच्या आग्रहावरून नवा आयकर कायदा मंजूर झाला. जास्त उत्पन्नाला जास्त दर, हे त्याचे तत्त्व होते. तत्त्व म्हणून आम्हाला त्यात काही वावगे दिसत नाही. युद्धात ज्याने चौपट कमावले त्याने भार उचलावा, हे रास्तच आहे. पण मजलिसमध्ये जमीनदार बसलेले, आणि बाजारातील मोठ्या पेढ्यांचा त्यांच्याशी घरोबा. शिवाय वही दाखवा म्हटले की प्रामाणिक व्यापारीही बिचकतो. ती वही परक्या देशाच्या माणसाला दाखवायची, तीही त्याच देशाची फौज रस्त्यावर हिंडत असताना! १९११ मध्ये शुस्टरसाठी दुकाने बंद करणारा बाजार १९४३-४४ मध्ये मिल्सपॉविरुद्ध उभा राहिला, त्याचे कारण आम्हाला येथे दिसते. शुस्टर आला तेव्हा त्याच्या देशाचा एकही सैनिक इराणात नव्हता. मिल्सपॉ स्वतःला इराणचा नोकर म्हणवीत असे, आणि कागदोपत्री ते खरेही होते. परंतु भाकरीच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाने मिल्सपॉची टोपी आणि शिपायाची टोपी एकाच देशाची पाहिली.

मार्च १९४४ मध्ये नवी मजलिस भरली. तीत डॉ. मुहम्मद मुसद्दिक निवडून आले होते, तेच जे पुढे १९५१ मध्ये पंतप्रधान होऊन तेलाचे राष्ट्रीयीकरण करणार होते. परक्याच्या हाती एवढे अधिकार देण्यावर त्यांनी सभागृहात कडक टीका केली. त्यांचा रोख केवळ माणसावर नव्हता. मजलिसने स्वतःचा हक्क लिहून दुसऱ्याच्या स्वाधीन केला, यावर होता.

अखेरची ठिणगी बँकेवरून पडली. बँक मिल्लीचे गव्हर्नर अबुल हसन इब्तेहाज हे स्वतः पक्के बँकर, काटेकोर आणि फटकळ. सरकारी बँक कोणा सल्लागाराच्या हुकमाखाली चालणार नाही, असे त्यांचे म्हणणे. ऑक्टोबर १९४४ मध्ये मिल्सपॉने इब्तेहाज यांना बडतर्फ करण्याचा हुकूम काढला. सरकारने तो मानला नाही. इब्तेहाज खुर्चीवर राहिले आणि ८ जानेवारी १९४५ रोजी मजलिसने मिल्सपॉचे आर्थिक अधिकार काढून घेतले. पुढच्या महिन्यात तो देश सोडून गेला. त्याच्या मदतीला अमेरिकेचे सरकारही धावले नाही.

या हकिकतीत दोष कोणाचा? मिल्सपॉ चोर नव्हता. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल विरोधकांनाही फारशी शंका नव्हती. तो हट्टी होता, आणि आपल्या कामाला लायक देशी माणूस समोर दिसत असता त्याला हाताशी धरण्याऐवजी काढायला निघाला, हा त्याचा दोष आम्हाला सर्वांत मोठा वाटतो. इब्तेहाज यांच्यासारखा माणूस बँकेत बसलेला असताना परक्या माणसाने खरे तर त्याच्या हाती वही देऊन मागे सरायला हवे होते. आणि इराणच्या पुढाऱ्यांचा दोष हा, की भाकरीची टंचाई, नोटांचा पूर आणि जमीनदारांकडून कराची वसुली ही तिन्ही अप्रिय कामे त्यांनी परक्याच्या गळ्यात बांधली. काम झाले तर आपले, नाही झाले तर त्याचे.

तुलनेसाठी जांदार्मांचे खाते पाहावे. तेथे १९४२ मध्ये न्यू जर्सीच्या पोलिस दलाचे माजी प्रमुख नॉर्मन श्वार्झकॉफ आले. १९९१ च्या आखाती युद्धात ज्यांचे नाव रोज ऐकू येत होते त्या जनरलचे हे वडील. ते १९४८ पर्यंत टिकले. त्यांचे राजकारण आम्हाला पसंत आहे असे कोणी समजू नये; १९५३ मध्ये मुसद्दिक सरकार उलथविण्याच्या वेळी ते तेहरानला पुन्हा आले होते. पण सरकारी नोकरीपुरते बोलायचे तर त्यांचे खाते एक, काम एक, आणि ते काम रोज कोणा दुकानदाराच्या गल्ल्याशी भिडत नव्हते.

आता पुन्हा युक्रेनकडे वळू. तेथील राज्यकर्त्यांनी इराणपेक्षा एक गोष्ट निराळी केली. परक्याला परका ठेवून अधिकार दिले नाहीत, नागरिक करून संसदेला जबाबदार असा मंत्री केले. हवे तेव्हा विशेष कायदा न करता त्याला काढता येते. यारेस्को यांनी ऑगस्ट २०१५ मध्ये परदेशी सावकारांशी तडजोड करून सुमारे १८ अब्ज डॉलरच्या कर्जावर मुद्दलात २० टक्के सूट मिळविली. लढाईत अडकलेल्या देशाला एवढी सूट मिळणे ही मामुली गोष्ट नव्हती, आणि सावकारांची भाषा जाणणारा माणूस त्या बैठकीत असल्याचा फायदा झाला, हे मान्य करावे लागते. मात्र फेब्रुवारी २०१६ मध्ये अब्रोमाविचुस यांनी राजीनामा दिला. सरकारी कंपन्यांवर आपली माणसे बसविण्यासाठी सत्ताधारी वर्तुळातून दबाव येतो, असा त्यांचा उघड आरोप होता. एप्रिलमध्ये मंत्रिमंडळ बदलले आणि तिघेही परदेशी बाहेर होते. दीड वर्षही पुरे झाले नव्हते.

त्या काळातली एक गोष्ट मात्र मागे राहिली. सरकारी खरेदीचे टेंडर कोणी भरले, कोणाला किती दराने मिळाले, हे कोणाही दुकानदाराला घरबसल्या पाहता येईल अशी प्रोझोरो नावाची पद्धत तेथे उभी राहिली. ती रचण्यात मुख्य हात देशातल्याच स्वयंसेवक मंडळींचा होता. ऑगस्ट २०१६ पासून ती सर्व सरकारी खात्यांना सक्तीची झाली, तेव्हा तिला सुरुवातीला पाठिंबा देणारे परदेशी मंत्री पदावरून गेलेले होते. टेंडरची वही उघडी राहिली.